एकुलता एक हं

आमच्या इमारतीतले मास्तर शाळेतले नव्हते. ते गाडी चालवायला शिकवायचे. पण गावातले निम्मे डॉक्टर, वकील आणि काही खरेखुरे शाळामास्तरसुद्धा त्यांच्या शेजारी घाम पुसत बसून गेलेले होते, आणि त्या सगळ्यांना त्यांनी एकाच सुरात ऐकवलं होतं, "आरसा भांग पाडायला दिलेला नाही. मागचं बघायला दिलाय." मीही त्यातलाच. मला परवाना मिळाला तेव्हा मास्तरांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. सांभाळून ठेवा. वापरू नका." मी त्यांचा शब्द आजवर मोडलेला नाही.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. बाकीचे शिकवणारे तोंडाने ओरडतात आणि पायाने ब्रेक दाबतात. मास्तर दोन्ही गोष्टी अगदी शेवटपर्यंत राखून ठेवायचे. गाडी भर चौकात बंद पडलेली, मागे हॉर्नचा गदारोळ, स्टिअरिंगवरचा माणूस रडकुंडीला आलेला, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत शांतपणे सांगणार, "हळू. घाई नाही. मागे कोणी नाही." मागे अख्खा रस्ता तुंबलेला असायचा. "तो हॉर्न तुमच्यासाठी नाही हो. त्याचं त्याला बरं वाटावं म्हणून वाजवतोय." हे त्या जाड, सावकाश आवाजात ऐकलं की खरंच मागे कोणी नाही असं वाटायचं आणि गाडी सुरू व्हायची.

घरात मात्र या आवाजाला फारसं काम नव्हतं. घरात वहिनी होत्या.

वहिनींच्या बोलण्याला सुरुवात असे, शेवट कोणी पाहिलेला नाही. दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नावरून त्या स्वतःच्या लग्नावर यायच्या, तिथून मावसबहिणीच्या नाकावर, नाकावरून सर्दीवर आणि सर्दीवरून परत दूधवाल्यावर. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत त्या बोलत असायच्या आणि मास्तर खुर्चीत बसून मधूनमधून एकच अक्षर उच्चारायचे. हं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. खिडक्या उघड्या असल्या की वरचे शब्द कळायचे नाहीत, पण चाल कळायची. एक लांबच लांब तान, मग हं. पुन्हा तान, पुन्हा हं. हं यायला उशीर झाला की "ऐकताय ना?" आणि त्यावर जरा मोठा हं. वहिनींचं वाक्य फारच लांबलं तर मास्तरांचा पाय नकळत जमिनीवर दाबला जायचा, हे मी स्वतः पाहिलंय. पण वहिनींच्या बाजूला ब्रेक बसवलेला नव्हता.

आमच्या सौभाग्यवती छताकडे बोट दाखवून म्हणायच्या, "शिका जरा. एवढे हं मला मिळाले असते तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं."

मग वहिनींची नजर गेली. पूर्ण नाही, पण मधली. समोर पाहिलं की मधोमध धूसर भोक आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. दाराची चौकट दिसे, दारातला माणूस दिसत नसे. वाचन संपलं, टीव्ही संपला. "आता तुमचा चेहरा दिसत नाही," त्या मास्तरांना म्हणाल्या, "म्हणजे लग्नाच्या वेळी होतात तसेच तुम्ही राहणार. माझा फायदाच झाला." मास्तर म्हणाले, "हं."

आणि त्यानंतर वर्ष उलटायच्या आत मास्तरांचा आवाज बसला तो उठेचना. सगळ्यांना वाटलं, जन्मभर शिकाऊ लोकांवर ओरडून बसला असेल. पण ते ओरडलेच नव्हते कधी. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचायची आशा आहे, आवाज वाचणार नाही.

इस्पितळातून येताना जिन्यात मास्तर थांबले. मला वाटलं दम लागला. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी लिहून दाखवीन म्हटलं तर तिला वाचता येत नाही. हातवारे करीन म्हटलं तर दिसत नाहीत. आता हिच्याशी बोलायचं कसं हो?"

आमच्या मास्तरांची सगळी काळजी त्या एका प्रश्नात होती. मरणाबद्दल त्यांनी कोणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

इस्पितळाने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आधीच दाखवायला दिलं होतं. मास्तरांनी ते लावून "चहा दे" म्हणून पाहिलं. वहिनी दचकून म्हणाल्या, "अहो, मिक्सर बंद करा आधी, मग बोला." यंत्र खणात गेलं.

तोडगा काढला लेकीने. ही दूरच्या शहरात संगणकाच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तिथे तिला मॅडम म्हणतात, इथे ठमी म्हणतात. फोनवरच्या गप्पांसाठी या तिघांचा एक ग्रुप होता. त्यात ती चौथा सभासद घालणार होती, बॉट. मास्तरांनी आवाज जाण्याआधी रोजची वाक्यं बोलून ठेवायची. प्रत्येक वाक्याची एक फाइल. पुढे ते ग्रुपमध्ये "चहा" असं लिहिणार, बॉट त्या नावाची फाइल शोधणार आणि घरातल्या स्पीकरवर वाजवणार. लिहिणार मास्तर, बोलणारही मास्तरच. बॉट नुसता मधला हरकाम्या.

"फाइली नेटवर ठेवते, बाबा. सुरक्षित राहतील."

"नेटवर म्हणजे कुठे?"

"कंपनीच्या सर्व्हरवर."

"आणि तो कुठाय?"

"असतो कुठेतरी."

"मग नको. आवाज माझा आहे, माझ्या घरात राहील. परक्याच्या गोदामात कशाला?"

शेवटी शिकवणीच्या ऑफिसातला जुना संगणक वर आणला. त्यावर शिकाऊ मंडळी रस्त्यावरच्या खुणा पाठ करायची. पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. त्यात "आवाज" नावाचं फोल्डर झालं, बॉट तिथेच राहायला आला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भाडेकरू ठेवला म्हणा की. खाणार वीज, देणार काही नाही." तेव्हापासून बॉटचं नाव भाडेकरू पडलं.

आता प्रश्न वाक्यांचा. घरात फोन पुढे धरून मास्तर बसले तर तोंडातून शब्द फुटेना. "समोर कोणी शिकाऊ असल्याशिवाय माझा आवाज निघत नाही," म्हणाले. मग खाली उभ्या असलेल्या शिकवणीच्या गाडीत रेकॉर्डिंग करायचं ठरलं. काचा बंद केल्या की शांतता असते. आणि शिकाऊ म्हणून मला धरलं.

"तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

"मास्तर, गाडी उभी आहे ना?"

"म्हणून तर तुम्हाला बसवतोय."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसलो, आणि शेजारून मास्तरांचा संसार शिकवणीच्या सुरात ऐकू यायला लागला. "चहा दे. साखर कमी." "पंखा एकावर कर." "तुझा चष्मा फ्रिजवर आहे." "मी खाली जाऊन येतो." "गॅस बंद केलास?" "गोळी घेतलीस का?"

"नाही," मी घाबरून म्हणालो.

"तुम्हाला कोण विचारतंय? परत घ्यावं लागलं ना!"

चारसहा दिवस हे चाललं. आवाज रोज थोडा थोडा झिजत होता आणि मास्तर तो पुरवून पुरवून वापरत होते. मधेच वहिनी कठडा धरून खाली यायच्या, काचेवर टिचकी मारायच्या. "झालं का?" हं. "जेवायला वाढू?" हं. फोन चालूच असायचा, पण तिकडे कोणाचं लक्ष? फाइली रोज लेकीकडे जायच्या. ती त्यांची साफसफाई करून, खोकला, खाकरणं, बाहेरचा हॉर्न काढून परत फोल्डरमध्ये टाकायची आणि फोनवरचं मूळ पुसून टाका म्हणायची. मास्तर टापटिपीचे. लगेच पुसायचे.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "मास्तर, ते तुमचं 'घाई नाही' घ्या की."

"त्याचा घरात काय उपयोग?"

"असू द्या."

त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात भरती व्हायचं होतं, त्यामुळे ती फाइल घाईत तशीच संगणकावर गेली.

शस्त्रक्रिया नीट झाली. मास्तर घरी आले ते गळ्याला रुमाल बांधून. खुर्चीत बसले, फोन काढला, बोटाने काहीतरी लिहिलं. संगणकाने धाप टाकली आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून मास्तर म्हणाले, "चहा दे. साखर कमी."

वहिनी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीत आहात की कोपऱ्यात? कप कुठे आणू?" आम्ही सगळे हसलो. मास्तरही हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग संध्याकाळ आडवी आली. कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनींनी तान घेतली आणि तान संपल्यावर पुढे काहीच नाही. "ऐकताय ना?" मास्तरांनी लगबगीने फोल्डरमध्ये काय आहे ते पाहिलं. "हो" होतं, "नाही" होतं. "हो," स्पीकर म्हणाला. वहिनींनी समाधानाने पुढे सुरू केलं, "पलीकडच्या सुनेला दिवस गेलेत म्हणतात."

"हो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मास्तरांपाशी त्याची फाइल नव्हती.

सगळं रेकॉर्ड केलं होतं, गॅसपासून गोळीपर्यंत. हं राहिला होता. जन्मात सगळ्यात जास्त वेळा म्हटलेली गोष्ट, ती बोलणं असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मास्तरांनी खुर्चीच्या हातावर टकटक करून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "बघा हो, दारात कोण आहे." चमच्याने बशी वाजवून पाहिली. "मी काय शाळेत बसलेय घंटा ऐकायला?" हाताला हात लावून पाहिलं, तर त्यांना दिसत नसल्यामुळे दरवेळी दचकायच्या आणि घडी मोडायची.

हळूहळू वहिनींच्या ताना आखूड झाल्या. मग कामापुरतं बोलणं राहिलं. गोळी, गॅस, चष्मा. खालून मला वरची चाल ऐकू येईनाशी झाली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "वरती भांडण झालंय का हो?" तसं असतं तर बरं झालं असतं.

एक दिवस मास्तर खाली आले. पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं. "ती बोलायची थांबली."

त्या अक्षरांकडे मला फार वेळ बघवेना. आम्ही माझ्या फोनवरून लेकीला गाठलं. मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, प्रत्येक फाइलच्या शेवटी होते. आई काचेवर टिचकी मारायची आणि बाबा हं म्हणायचे. मीच कापले सगळे. मला वाटलं कचरा आहे." आणि ती मॅडम फोनवर हुंदके द्यायला लागली. मास्तरांनी माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाशी नेला, आणि मग काय करणार, परत माझ्याकडे दिला.

"एक तरी कुठे राहिला असेल का गं?" मी विचारलं.

होता. "घाई नाही"ची फाइल साफ करायची राहून गेली होती. लेकीने दुरूनच ती उघडली. "हळू. घाई नाही. मागे कोणी नाही." मग थोडी शांतता, काचेवर टिचकी, वहिनींचा दबका प्रश्न, "अहो, बॅगेत स्वेटर घालू का?" आणि त्यावर हं. उद्या गळा कापायचाय, आणि ही स्वेटरचं काय विचारते, अशा तऱ्हेचा, तुसडा हं. तेवढा तुकडा तिने वेगळा काढला. एवढ्या वर्षांच्या संसारातून शिल्लक राहिलेला एकुलता एक हं, तोही वैतागलेला.

त्या संध्याकाळी वहिनींनी घडी घालता घालता दोन वाक्यं उच्चारली आणि कोपऱ्यातून आलं, "हं."

वहिनींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "इतकं चिडायला काय झालं?"

"हं."

"बरं बरं. ऐका तर."

आणि खालच्या मजल्यावर आम्हाला वरची चाल परत ऐकू आली. हं एकच, तोच, रोजच्या रोज तितकाच वैतागलेला. पण मास्तर तो वाजवायचे झकास. अंगठा फोनवर टेकलेला, डोळे वहिनींच्या तोंडाकडे, आणि ब्रेकसारखाच शेवटपर्यंत राखून ठेवलेला. कधी उशीर करायचे. "ऐकताय ना?" म्हटल्यावर एका पाठोपाठ दोनदा वाजवायचे. वहिनी म्हणायच्या, "आवाज गेला पण खोडी गेली नाही." महिन्यामागून महिने असे गेले. त्या दिवसांना मी बरे दिवस म्हणतो.

मग गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी आशेचा शब्द वापरला नाही. मास्तर इस्पितळात गेले. लेक येऊन त्यांच्याजवळ राहिली. तिथे एकाच माणसाला थांबू द्यायचे आणि त्या गर्दीत वहिनींना पाऊल टाकता येत नसे, तेव्हा मास्तरांनीच त्यांना घरी पाठवलं. पण संध्याकाळ चुकली नाही. लेक फोन लावून मास्तरांच्या कानाशी ठेवायची. इकडे वहिनी घडी घालत बोलायच्या. तिकडून मास्तर लिहायचे आणि घरातल्या कोपऱ्यात, त्यांच्याच संगणकातून, त्यांचा हं वाजायचा. माणूस इस्पितळात, आवाज घरात. गोदामात ठेवायला नको म्हणाले होते ते बरंच केलं, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी वरून वहिनींनी हाक मारली. "भावजी, जरा वर येता का?"

गेलो. त्या पलंगावर बसल्या होत्या, भोवती कपडे. फोन मांडीवर होता. "बघा हो, भाडेकरू झोपला का? मघापासून काही बोलत नाही. लाइट गेली असेल."

दिव्याचं बटण दाबायची त्यांना गरज वाटत नसे, म्हणून खोलीत अंधारून आलं होतं. मी दिवा लावला. लागला. कोपऱ्यात संगणकाचा पंखा धापा टाकत होता. पडद्यावर ग्रुप उघडा होता, भाडेकरूच्या नावापुढे हिरवा ठिपका. त्याच्याखाली मास्तरांनी लिहिलेले हं, एकाखाली एक. शेवटच्या ओळीत नुसता "ह" होता. त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये नव्हती, म्हणून भाडेकरू गप्प होता.

"गेली ना लाइट?" वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी. संगणक चालू आहे."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली, कडा जुळवून बाजूला ठेवली. "मग?" त्या म्हणाल्या.

माझ्या खिशातला फोन वाजायला लागला.

सगळं आटोपल्यावर लेक काही दिवस राहिली. आईला घेऊन जाते म्हणाली, आई जायला तयार होईना. मग जाण्याआधी तिने भाडेकरूला नवं काम शिकवलं. कोणी लिहायची गरज नाही. खोलीत आई बोलली की तो कान देणार, आई थांबली की हं वाजवणार. मला ती कल्पना चांगली वाटली. आम्ही दोघं बाजूला बसलो. वहिनींनी एक शर्ट घेतला. मास्तरांचेच कपडे होते, द्यायचे होते कोणाला तरी.

"हा त्यांना कधी आवडला नाही," त्या म्हणाल्या.

"हं."

वहिनी थांबल्या. "माझ्या भावाने दिला होता ना, म्हणून."

"हं."

"बंद कर गं ते."

"का, आई? तोच आवाज आहे. बाबांचाच."

"आवाज त्यांचाच आहे. पण हा वेळेवर येतो." त्यांनी शर्टाची बाही आत दुमडली. "तुझ्या बाबांना माझं वाक्य कधी संपलं हे जन्मात कळलं का? हा ऐकत नाही, बाळा. हा नुसती मी थांबायची वाट बघतो."

लेकीने संगणक बंद केला. पंख्याची धाप हळूहळू उतरत गेली आणि थांबली.

आता संध्याकाळी मी अधूनमधून वर जातो. वहिनी घड्या घालतात. एकटीचे कपडे ते किती, पण घातलेल्या मोडून पुन्हा घालतात की काय कोण जाणे, वेळ तेवढाच लागतो. बोलतातही. परवा दूधवाल्याच्या नातवाचं सांगत होत्या, तिथून मावसबहिणीवर गेल्या आणि मधेच थांबल्या. मला वाटलं, धागा सुटला. तर थोड्या वेळाने तिथूनच पुढे सुरू. पुन्हा थांबल्या. पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा ती शांतता इतकी लांबली की मला राहवेना. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हं."

वहिनींनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी त्यांना दिसत नव्हतो, माझ्या कडेची खुर्ची तेवढी दिसत असेल.

"तुम्ही नाही हो, भावजी," त्या म्हणाल्या.

त्या आणखी थोडा वेळ थांबल्या, आणि मग पुढचं सांगू लागल्या.